लांब नाकाचा एक

खुदिया म्बेंग आली तेव्हा मी
एका बसच्या कपाळावर घोडा उडवत होतो.
"टँकर रंगवायचाय," म्हणाली,
आणि वारा फिरला तेव्हा कळलं, कसला.

नवरा गेल्यावर तिच्या वाट्याला आलं ते हेच:
आठ हजार लिटरचं पोट, एक पाइप,
फोडे नावाचा उपाशी क्लीनर,
आणि पिकीनभर पसरलेलं गिऱ्हाईक,
जे खड्डा अंगणात वर येईपर्यंत
तिला ओळखत नाही.

फोन येतात ते रात्री, दबक्या आवाजात,
जणू उधार मागतायत.
पैसे देताना चेहरा दुसरीकडे.
उपसून झालं की गरज सरो.
कुणी शेजारणीला सांगत नाही,
बाई गं, माझा खड्डा हिने काय छान रिकामा केला!
तोंडी जाहिरातीला आधी तोंड उघडं लागतं.
इथे हात नाकावर,
आणि तोंडही त्याच हाताखाली.

अठ्ठावीस वर्षं मी डाकारच्या बसगाड्या सजवतोय.
मला वाटलं, त्यात काय!
फुलं काढू म्हटलं. नको, फुलांची चेष्टा होते.
गरुड? पोरं गिधाड म्हणतील.
मग निळा रंग, लाटा, दोन मासे,
अगदी पाण्याचा टँकर वाटेल असं...
ती माझ्याकडे बघतच राहिली.
"आणि बायका बादल्या घेऊन धावल्या तर?"

घोड्याचं शेपूट वाळेस्तोवर कुणी बोललं नाही.
मग म्हणाली, "मला सुंदर दिसायचं नाहीये, गोर्गी.
सापडायचंय.
ज्या रात्री लागेन, त्या रात्री."

तपकिरीवर पिवळं नाव. खाली नंबर, माणसाएवढा.
घोड्याशिवाय काढलेलं माझं पहिलं काम.

तीन आठवड्यांत दोन फोन.
तिसरा आला तो गेजावायच्या एका शिंप्याचा:
बाई, तुमची माणसं मला झोपू देत नाहीत.
विचारतात, किती घ्याल?
मी म्हणतो, लांबी सांगा.
म्हणतात, तीन मीटर, खोल.

माझ्या हातचा एक लांब नाकाचा असतो,
वडिलांच्या हातून आलेला.
रस्त्यापलीकडून तो सात दिसतो.

पिशवीभर आंबे घेऊन आम्ही माफी मागायला गेलो.
मापाते जूफ, तोंडात टाचण्या, मशीनवर जांभळी झूल.
मी चुकीबद्दल बोलत होतो, बराच वेळ.
खुदिया भिंतीकडे बघत होती.
खिळ्याला अडकवलेल्या चिठ्ठ्या:
बारसं, गुरुवारी, चौदा झगे.
लग्न, दोन दिवस, नवरीकडचे साठ.
कुणाचा मुलगा इटलीहून येणार, सगळ्या आळीला कपडे.

"साठ माणसं," ती हळूच म्हणाली,
"दोन दिवस.
आणि खड्डा एकच."

चिठ्ठीमागे हजार फ्रँक ठरले. आंबे तिथेच कापून खाल्ले.
मापाते आता माप घेताना विचारतो,
शेवटचा कधी उपसलात?
माणूस तेव्हा हात पसरून उभा असतो,
नाक धरता येत नाही,
पळून जायचं तर टाचण्या टोचतात.

मी म्हटलं, मग तो सात राहू दे की, शुभ निघाला.
"दैवाच्या भरवशावर धंदा होत नाही.
नाक काप त्याचं."
कापलं. शिडीवर चढून, वडिलांची मनातल्या मनात क्षमा मागून.
त्याखाली शिंप्याचाही नंबर लिहिला, बारीक,
हजार फ्रँक सुटे कापून घेऊन.

परवा भाचीच्या बारशासाठी मी स्वतः उभा होतो तिथे,
हात पसरून.
त्याने विचारलं.
मी दाराकडे बघितलं, आवाज खाली आणला.
मापातेने मान हलवली,
कानामागची पेन्सिल काढली
आणि माझ्या चिठ्ठीवर लिहिलं:
छाती बेचाळीस. बाही सैल.
खड्डा भरलेला.